वाट्यातला वाटा

मच्छी फार्म, रायपूरच्या पुढे
१९ जानेवारी २०२५

जिजावहिनींना डोमाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र सरळ चुलीत जाणार, अशी माझी निम्मी खात्री आहे. गेलं नसेल आणि तुम्ही वाचत असाल, तर पहिले आभार त्याचेच.

दुसरे आभार मोठे आहेत. ते कसे मानावे हे मला चार दिवस झाले सुचत नाही. मागच्या बुधवारी खुशीचा फोन आला होता. बारावीचा अभ्यास कसा चाललाय, आई कशी आहे, असं आमचं नेहमीचं बोलणं. मी सहज म्हटलं, "यंदा तलाव उतरवून मच्छी काढली का आपला वाटा बरोबर आनजा घरी. मोठी मच्छी भेटली त सुकवून ठेवजा मायासाठी." पोरगी म्हणाली, "बाबा, मच्छीमार सोसायटीतून आपलं नाव कटून चार साल झाले. आपला वाटा निंगतच नाई. जिजामोठीमाय तिच्या वाट्यातला अर्धा आनून देते. तुमाले सांगू नोको म्हने."

मी फार्मच्या बांधावर उभा होतो, तिथंच खाली बसलो. वहिनी, आपल्या चिचबोडीच्या तलावाची रीत मी इथं सगळ्यांना छाती फुगवून सांगत होतो. मासे काढले की पळसाच्या पानांवर घरटी एक ढीग मांडायचा. सोसायटीतले वडीलधारे इश्वरबाबा ढिगांकडे पाठ करून उभे राहणार, दुसरा कोणीतरी एका ढिगावर काठी टेकवणार, आणि बाबा न पाहताच एक नाव पुकारणार. ज्याचं नाव निघालं त्याचा तो ढीग, मग लहान असो की मोठा. आमच्याकडे परगावी गेलेल्याचंही नाव पुकारतात, अशी बढाई मी मारत होतो. आणि इकडे माझं नाव कोणी घेतच नव्हतं. माझी चंद्रकांता आणि खुशी तुमच्या पानावरचं खात होत्या. ज्या घरावर तसा प्रसंग आला, त्याच घरानं माझं घर सांभाळलं. हे लिहिताना मला लाज वाटते.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला अकरा वेळा फोन लावला. तुम्ही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रकांतेनं तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला, "ज्या तोंडानं डोमा ठान्यात बोलला, त्या तोंडाचं मले काई आयकाचं नाई. त्या दिवशी काय झालं ते लिवून दे म्हना. माह्या नवऱ्यानं सोताचं जाळं सोताच जाळलं, असं गाव अजून म्हनते. ते खोटं होय हे तुह्या हातानं लिवून आलं, त मंग तुह्या गावात येन्याचं पाहू."

तर लिहितो. चार वर्षांपूर्वी कालच्याच तारखेला ग्रामपंचायतीचा निकाल लागला. आमचं पॅनल आलं, तुमचं पडलं. साकोलीहून मिरवणूक गावात आली, गुलाल उडाला, डीजे होता. मिरवणूक तलावाच्या बांधावर, पाळीवर गेली. तिथं बांबूवर जाळी वाळत होती. गर्दीत कोणीतरी आग लावली. मनिरामभाऊ जाळं वाचवायला धावला आणि त्याचा उजवा हात भाजला. त्यानं स्वतः काही पेटवलं नाही, हे मी लिहून देतो. मी त्या गर्दीत होतो, त्याबद्दल माफी मागतो.

वाट्याचे आभार पुन्हा एकदा. ते कितीदाही मानले तरी कमीच.

डोमा


९ फेब्रुवारी २०२५

जिजावहिनींना नमस्कार.

माझं पत्र मलाच परत आलं. पोस्टमननं विचारलं, "क्या भाई, पता गलत था?" मी म्हटलं, पत्ता बरोबर होता, मजकूर चुकला होता. मागच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय, "प्रसंग आला म्हने. पायानं चालत आला का? कोनीतरी म्हंजे कोन?"

वहिनी, तुम्ही बचत गटाच्या सचिव कशाला झालात, शाळेत मास्तरीण व्हायला हवं होतं. गावातली सगळी पोरं एक तर पास झाली असती, नाही तर पळून गेली असती. पण जाळून टाकायच्या ऐवजी परत पाठवलंत, म्हणजे पुन्हा लिहायला जागा ठेवलीत. त्यासाठी मनापासून आभार.

कोणीतरी म्हणजे मी. लाइटर माझा होता आणि हातही माझाच होता.

आता कशासाठी केलं ते लिहिलं पाहिजे, आणि तिथं माझं पेन अडतं. मनिरामभाऊ आणि मी वीस वर्षं एका डोंग्यात होतो. मी वल्हं मारायचो, तो जाळं सोडायचा. त्याच्या मानेच्या हलण्यावरून मला कळायचं की डोंगा कुठं वळवायचा. मग निवडणूक आली. आमच्या पॅनलच्या संजीवसेठनं मला घरी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की आपलं पॅनल आलं तर सोसायटीचा अध्यक्ष तू. मला वल्हं मारायचा कंटाळा आला होता, हे खरं आहे. मनिरामभाऊ समोरच्या पॅनलमधून उभा राहिला. त्याचं म्हणणं एकच होतं की संजीवसेठ तलावाचा ठेका सोसायटीकडून काढून बाहेरच्याला देणार. मी त्याला लाउडस्पीकरवरून चोर म्हटलं. तो उत्तर देत नव्हता, त्यामुळे मला आणखीच चेव यायचा.

तो अकरा मतांनी पडला. मिरवणूक खरं तर मारुतीच्या देवळाकडे चालली होती. तिला पाळीकडे मी वळवलं. बांबूवर त्याचं नवं जाळं दिसलं, आणि मला वाटलं, याला एकदा तरी ओरडायला लावू. आमच्या पॅनलमधल्या विक्कीच्या गाडीतून बाटलीभर पेट्रोल काढलं, शिंपडलं आणि लाइटर लावला. नायलॉनचं जाळं, मिनिटात भडकलं. मनिरामभाऊ आला तेव्हा मी पाळीच्या खाली उतरून गेलो होतो. तो आगीत हात घालेल असं मला वाटलं नव्हतं. पेटलेलं नायलॉन गुळाच्या पाकासारखं चिकटतं हे आपल्यात लहान पोरालाही माहीत असतं.

पुरं झालं, वहिनी. माझ्या हातानं लिहून दिलं. आता राग मावळू द्या.

डोमा


२४ फेब्रुवारी २०२५

जिजावहिनींना नमस्कार.

पुन्हा परत! या वेळी मागं लिहिलंय, "आग तू लावली हे मले त्याच दिवशी मालूम होतं. त्यासाठी तुले कागद खराब कराले नाई सांगतलं. ठान्यातलं लिव."

पाकिटात तुम्ही एक कोरा, घडी घातलेला कागदही टाकलाय. माझ्याकडचे कागद संपले असतील म्हणून टाकला, की मला शरम यावी म्हणून, ते कळलं नाही. दोन्हीसाठी आभार. त्याच कागदावर हे लिहितोय.

ठाण्यात मला निकालानंतर तिसऱ्या दिवशी नेलं. मनिरामभाऊ तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता. तुम्ही फिर्याद दिली होती, त्यात माझं नाव होतं. संजीवसेठनं वाटेत गाडीत मला एक वाक्य पाठ करायला दिलं. मतदानाच्या आदल्या दिवशी मनिराम मला म्हणाला की हरलो तर आपलंच जाळं जाळीन, तुमच्या पॅनलवर केस टाकीन आणि सरकारकडून भरपाई घेईन. हे सगळं सेठचं.

पण सगळं सेठवर ढकललं तर तुम्ही हाही कागद परत पाठवाल. म्हणून लिहितो. साहेबांनी विचारलं, तुला हे त्यानं कुठं सांगितलं? सेठनं ते शिकवलंच नव्हतं. मी क्षणभरही अडखळलो नाही. म्हटलं, डोंग्यात, साहेब. आम्ही दोघंच होतो, तलावाच्या मधोमध, तिथं तो मनातलं सगळं बोलतो. साहेबांनी मान हलवली. वीस वर्षांचा जोडीदार सांगतोय म्हटल्यावर कोण खोटं मानेल? खाली सही केली. सोसायटीत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं ना, तसल्याच झोकदार अक्षरात केली.

त्या एका सहीनं फिर्याद तुमच्याच अंगावर उलटली. दवाखान्यातून मनिरामभाऊ दोन बोटं एकमेकांना चिकटलेली घेऊन घरी आला, आणि गावानं त्याला लबाड ठरवलं. मला अध्यक्षपद मिळालं नाही. ठेका बाहेरच्याला द्यायचा सेठचा बेत सोसायटीनं एकजुटीनं हाणून पाडला, आणि त्याच बैठकीत, सेठचा माणूस म्हणून, माझं नाव कापलं; ते मला यंदा खुशीकडून कळलं. दोन महिन्यांनी सेठनं मला या फार्मवर चिकटवलं. गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून निघालो. लोकांना सांगितलं, चांगली नोकरी लागली.

वहिनी, तुम्ही मागितलं नसतं तर हे मी मरेपर्यंत लिहिलं नसतं. बायकोलाही सांगितलेलं नाही. लिहिल्यावर दोन घास जास्त गेले, हे सांगायची लाज वाटते, पण गेले. तुमचे उपकार कसे मानू, कळत नाही.

डोमा


८ मार्च २०२५

जिजावहिनींना नमस्कार.

तुमचा निरोप परवा पोचला. "आता जमलं. पहिले दोन कागद परत धाडून दे, तिसरा माह्याजवळच हाय. धुळवडीनंतरच्या इतवारी तलाव उतरवून राहिलो. पाळीवर साऱ्याइसमोर वाच. इश्वरबाबाशी बोलली, वाचल्यावर सोसायटीत तुहं नाव परत टाकाचा ठराव घेतो म्हनतेत. चंद्रकांतेले सांगतलं, खुश हाय."

मी फोनवर चंद्रकांतेचं हसणं ऐकलं. चार वर्षांत तशी हसली नव्हती. त्या हसण्याबद्दल तुमचे किती आभार मानू?

संजीवसेठलाही कुठून तरी लागलं. सकाळी त्याचा फोन आला, "येडा झाला का बे? वाचून देशील त सिधा अंदर जाशील. अन् फार्मवर उद्यापासून येऊ नोको." मी म्हटलं, पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, सेठ. त्यानं फोन आपटला. खुशीला पुढं शिकायचंय, नर्सिंगला जायचंय, ते कसं होईल, माहीत नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

तुम्ही लिहिलंत, आता जमलं. जमलेलं नाही, वहिनी. तुमच्या हाती आलेल्या कागदांत एक खोटं अजून तसंच बसलंय. ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही विचारलं नाही. मनिरामभाऊलाही माहीत नसावं. गप्प राहिलो तर इतवारी माझं नाव सोसायटीत येईल आणि चंद्रकांता हसत राहील. दोन दिवस मी गप्प राहून पाहिलं, जमलं नाही.

मी पाळीच्या खाली उतरलो नव्हतो. मनिरामभाऊ आला तेव्हा मी पंधरा पावलांवर उभा होतो.

त्या बांबूवर दोन जाळी होती. एक त्याचं, एक माझं. माझं तिथं नसायला पाहिजे होतं. सकाळीच मी चंद्रकांतेला सांगितलं होतं की आपलं जाळं घरी आणून ठेव. पण ती तुमच्याच अंगणात तुमच्यासोबत शिंगाडे सोलत बसली आणि विसरली. आम्ही नवरे लाउडस्पीकरवरून भांडत होतो, तुमची बायकांची बैठक काही मोडली नव्हती. बांबूवर त्याचं नवं जाळं पुढं होतं, माझं त्याच्या मागं. पेटवताना मला फक्त पुढचं दिसलं.

तो धावत आला. त्याचं जाळं त्याच्या हाताशी होतं, अर्धं अजून शाबूत होतं. त्यानं त्याला हात लावला नाही. तो पलीकडे वाकला आणि मागचं जाळं ओढायला लागला. त्या जाळ्याला मी तरंगायला खुशीच्या जुन्या गुलाबी चपलांचे तुकडे कापून बांधले होते. गावात तसं दुसरं जाळं नव्हतं. कोणाचं ओढतोय हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं असेल की ही पोरं माझ्या जाळ्याबरोबर डोमाचंही जाळून राहिली.

माझ्या तोंडाशी आलं होतं, "सोड, चिकटते." दोनच शब्द. बाजूला विक्की आणि पॅनलची पोरं होती. मी ओरडलो असतो तर ती म्हणाली असती, पाहा, जोडीदाराचा पुळका आला. तेवढ्यासाठी मी तोंड मिटून उभा राहिलो. तो ओढत राहिला, आणि ते त्याच्या हातावर गळत राहिलं. तो ओरडलाच नाही. मी त्याला ओरडायला लावायला निघालो होतो ना, शेवटपर्यंत ओरडला नाही.

हे वाचून तुम्ही ठराव थांबवा, अर्धा वाटा बंद करा, मला गावात पाय ठेवू देऊ नका. माझी काही तक्रार नाही. चंद्रकांतेला आणि खुशीला मात्र यातलं काही माहीत नाही, त्यांच्यावर राग काढू नका. या चार वर्षांत लोकांनी माझ्याकडून सही मागितली, मत मागितलं, काम मागितलं. खरं काय ते तुमच्याशिवाय कोणीच मागितलं नाही. म्हणून हे तुम्हालाच देतो. पहिली दोन पत्रंही याच पाकिटात घातली आहेत.

इतवारी मी येतो. पाळीच्या या टोकाला उभा राहीन. बोलावलं तरच पुढं येईन.

डोमा


६ एप्रिल २०२५

जिजावहिनींना डोमाचा साष्टांग नमस्कार.

फार्मवरचे माझे शेवटचे दिवस चालू आहेत. कोर्टात परवानगी मागून इथं राहिलेला पगार आणि सामान न्यायला आलोय. फोन केला तर आता तुम्ही उचलता, हे कळूनही पत्रच लिहितोय. काही गोष्टी मला तुमच्यासमोर बोलता येत नाहीत, लिहिता येतात. शिवाय मनिरामभाऊ तुम्हाला साकोलीचं सांगणार नाही. सांगितलं तरी "झालं" एवढंच म्हणेल, आणि तुम्ही बाकीचं त्याच्या तोंडातून काढत बसाल.

आधी इतवारचं. मी टोकाला उभा होतो. तुम्ही बायकांतून उठून आलात, प्लास्टिकच्या फाइलीत चारही पत्रं होती. तुम्ही विचारलंत, "चौथं वाचशील का?" मी विचारलं, भाऊला दाखवलं का? तुम्ही म्हणालात, "नाई. तूच वाच. माह्या तोंडून कायले आयकावं त्यानं?" तुमचे डोळे सुजलेले होते. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

मला इश्वरबाबांच्या जागेवर उभं केलं. मी चटकन पाण्याकडे तोंड केलं, बाबा नाव पुकारताना करतात तसं. म्हटलं, असं वाचायला सोपं जाईल. तेव्हा बाबा म्हणाले, "वाटे पुकारनारा पाठ करते, काहून का त्यानं कोनाचं तोंड पाहू नये. तुहं तसं नाई. इकडे पाह्य अन् वाच." सारा मोहल्ला समोर होता. पुढच्याच रांगेत मनिरामभाऊ बसला होता, हात मांडीवर ठेवून. पहिली तीन पत्रं मी वाचून काढली. चौथं वाचताना खुशी उठून निघून गेली. चंद्रकांता बसून राहिली, पण तिनं पदर तोंडावर घेतला. मी वाचत राहिलो. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

वाचून झाल्यावर मनिरामभाऊ काय बोलला ते तुम्हाला मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहितो. तो उठला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मले वाटे, तुले दिसलं नसंन. धुराडा लय होता."

एवढं बोलून तो घराकडे चालू लागला. वहिनी, चार वर्षं त्यानं माझ्यासाठी तो धूर सांभाळून ठेवला होता. गावानं त्याला लबाड म्हटलं, हात गेला, तरी डोमानं पाहिलं नसेल अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. तीही मी त्या दिवशी सर्वांसमोर काढून घेतली. खरं सांगितल्यावर माणूस हलका होतो असं म्हणतात. मला तसं काही झालं नाही.

माझ्या नावाचा ठराव त्या दिवशी झाला नाही, ते योग्यच झालं. पण इश्वरबाबांनी सगळ्यांना विचारलं, "मनिरामनं सोताचं जाळं जाळलं असं कोन म्हने? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. मग बाबा म्हणाले, "मंग आजपासून कोनी म्हनू नोका." नंतर वाटे निघाले, आणि मी समोर उभा असताना तुम्ही आपल्या पानावरचे मासे अर्धे करून चंद्रकांतेच्या टोपलीत टाकलेत. त्या दिवशी तरी टाकणार नाही असं मला वाटलं होतं. घरी चंद्रकांतेनं ते रांधले आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. बोलली नाही, पण ठेवलं. खुशी वीस दिवस बोलली नाही. काल फोनवर "जेवले का?" एवढं विचारलं.

सोमवारी सकाळी मनिरामभाऊ दारात उभा. म्हणाला, "चाल." मी विचारलं, कुठं? "ठान्यात. पाळीवर वाचलं, आता थं वाच जिथं खोटं लिवलं." एकोडीच्या फाट्यावरून आम्ही बस धरली. सीट एकच होती. तो बसला, मी उभा राहिलो. ठाण्यात मी नवा जबाब दिला आणि जुना खोटा होता हेही लिहून दिलं. साहेबांनी जुनी फाइल काढली आणि मला अटक झाली. मंगळवारी साकोलीच्या कोर्टात उभं केलं. सरकारी वकिलानं मला नीट पाहून घेतलं. आपणहून येणारा आरोपी त्यानं फारसा पाहिला नसावा.

जामीन मंजूर झाला, पण घर नावावर असलेला जामीनदार पाहिजे. मी संजीवसेठचा नंबर लावला, बंद. विक्की म्हणाला, गाडीचं काम आहे. पॅनलच्या आणखी दोघांना लावला. पाच वाजत आले, मी आता आतच जाणार हे नक्की झालं. तेवढ्यात मनिरामभाऊ बाकावरून उठला. खिशातून घरटॅक्सची पावती काढली. घडीची, नीट पिशवीत घातलेली. म्हणजे सकाळी निघतानाच त्यानं ती सोबत घेतली होती. तुम्हीच पेटीतून काढून दिली असणार, मला माहीत आहे.

बाबूनं फॉर्म भरायला घेतला. विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

मनिरामभाऊनं जरा विचार केला. म्हणाला, "माहावालाच आरोपी हाय, साहेब."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यानंच माहा हात जाळला." आणि त्यानं हात टेबलावर ठेवला.

बाबूनं पेन खाली ठेवलं. हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अहो, फिर्याद तुमच्या घरची, आणि जामीनही तुम्हीच?"

"दुसरा कोनी आला नाई न, साहेब."

मला तिथं रडू आलं. हवालदार म्हणाला, "ए, गप." सरकारी वकिलांनी न्यायाधीशांना विचारून घेतलं, ते चालतं म्हणाले. बाबूनं नात्याच्या रकान्यात "परिचित" लिहिलं. मनिरामभाऊनं डाव्या हातानं सही केली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बराच वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी पायाला हात लावायला वाकलो तर तो मागं सरकला. म्हणाला, "माफी-बिफी मले नाई समजत. अजून डोक्यात राग हाय. ते पंधरा पावलं रोज मोजतो." मग चहाचा ग्लास ठेवून म्हणाला, "तारखेले हजर राह्यजो. बाबूनं सांगतलं, तू पळाला त मले धरतील."

वहिनी, मी एकदा गाव सोडून पळालेला माणूस आहे. हे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही पेटीतून पावती काढलीत आणि त्यानं सही केली. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढा भरवसा कोणी टाकला नाही, आणि टाकला तो तुमच्या घरानं. याचे आभार मला पत्रात मानता येत नाहीत. मी ते येऊन, तिथं राहूनच मानीन.

तारीख २१ एप्रिलची आहे. मी १२ लाच गावात पोचतो. २१ ला सकाळी फटफटी घेऊन तुमच्या दारात येईन. बस नको. गाडी मी चालवीन, भाऊ मागं बसेल, म्हणजे कोर्ट येईपर्यंत मी त्याच्या डोळ्यांसमोर राहीन.

तुमचा,
डोमा